लाइट गेली आणि जीझेड फाइलमधले तास गायब. पायथॉनवाले, जरा बघा!

निफाडचा_गडी (गुरुवार, रात्री ९.१०)

मंडळी, नमस्कार. एरवी मी इथे द्राक्षाच्या छाटणीच्या धाग्यांवर असतो, आज तंत्रज्ञान विभागात पहिल्यांदा तोंड उघडतोय. फळ्यावर रोमन अक्षरं चालत नाहीत, त्यामुळे माझा पायथॉन भाषेतला कोड देवनागरीतच सांगतो. समजून घ्या.

पिंपळगावजवळ मित्राचं शीतगृह आहे, आठ खोल्यांचं. प्रत्येक खोलीत तापमानाचा एक सेन्सर. ऑफिसात एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर, पुढे नुसतं ‘पाय’) ठेवलाय, तो दर मिनिटाला प्रत्येक खोलीची एक ओळ सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी तोडलेल्या ओळींची साधी फाइल) लिहितो. ओळ अशी:

२०२६-०२-११ ०६:४८:००,शीतगृह-३,०.६

(फाइलमध्ये आकडे इंग्रजीच आहेत. इथे नियम म्हणून मराठीत.)

रात्री बारानंतर ही फाइल डोंगलवरून मित्राच्या मेलवर जाते. तिकडे रेंज यथातथाच, म्हणून फाइल लहान हवी. म्हणून जीझिप, म्हणजे फाइल दाबून लहान करायची पद्धत (अशा फाइलीच्या नावाशेवटी जीझेड).

पहिल्या वेळी मी काय केलं, तर प्रत्येक ओळीला जीझिप.ओपन ‘एटी’मध्ये (शेवटी मजकूर जोडायचा मोड), ओळ लिही, बंद कर. चाललं. पण दिवसाची जीझेड फाइल साध्या सीएसव्हीच्या जवळपास दुप्पट! मला वाटलं मीच उलटं काहीतरी बघतोय. मग हुशारी केली: मध्यरात्री एकदा उघडायची, दिवसभर उघडीच ठेवायची, पुढच्या मध्यरात्री बंद. फाइल एकदम तीसेक केबीवर आली. महिनाभर मजेत गेला.

काल दुपारी एक वीसला लाइट गेली. जनरेटर सुरू झाला, कॉम्प्रेसर चालू राहिले, मालाला काही झालं नाही. पण पाय होता चहाच्या किटलीशेजारच्या प्लगवर, आणि तो प्लग जनरेटरवर नाही. दोनच्या सुमारास लाइट आली, पाय आपोआप सुरू झाला, प्रोग्रॅमही सुरू झाला. रात्री फाइल गेली. आज पांडाजमध्ये (पायथॉनचं तक्ते वाचायचं साधन) उघडली तर:

एरर वजा ३ व्हाइल डिकम्प्रेसिंग डेटा: इनव्हॅलिड ब्लॉक टाइप

एकही ओळ नाही. माल घेणाऱ्यानं नेमका कालचा तापमानाचा तक्ता मागितलाय. काही वाचेल का?

तिखटमीठ (गुरुवार, रात्री ९.२२)

कोटभर रुपयांचा माल जनरेटरवर आणि त्याचा पुरावा किटलीच्या प्लगवर. वा. (ह. घ्या.)

नवशिका२१ (गुरुवार, रात्री ९.३१)

वाचतोय. मला एक कळलं नाही, लाइट गेल्यावर फाइलचा शेवट खराब होईल हे ठीक. पण सकाळच्या नोंदी कशा गेल्या? त्या तर आधीच लिहून झाल्या होत्या ना?

मुळामुठा (गुरुवार, रात्री १०.०५)

नवशिक्यानं नेमक्या जागी बोट ठेवलंय. गडीभाऊ, तुमच्या फाइलमध्ये एक नाही, तीन वेगवेगळ्या भानगडी झाल्यात. एकेक घेतो.

पहिली, फाइल दुप्पट का झाली होती ते. जीझिपची प्रत्येक ‘गाठोडी’ (मूळ शब्द मेंबर, मी गाठोडीच म्हणणार) सुरू होताना दहा बाइटचं डोकं लागतं, पायथॉन त्यात फाइलचं नावही घालतं, आणि शेवटी आठ बाइटची शेपटी: चार सीआरसीचे (माल बिघडला नाही ना ते ताडायचा आकडा), चार मूळ लांबीचे. तुम्ही ‘एटी’नं उघडलं की जुन्या गाठोडीत भर पडत नाही, तिच्यामागे नवी गाठोडी बांधली जाते. तुमची ओळ मोजली: तारीख-वेळ १९, दोन स्वल्पविराम, ‘शीतगृह’ १८ (दिसायला चार अक्षरं, पण युनिकोडची सहा चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट), ‘-३’ दोन, तापमान तीन, ओळीचा शेवट एक. एकूण ४५. एकट्या ४५ बाइटमध्ये दाबण्यासारखं काही नसतंच. वर डोकं, नाव आणि शेपटीचे तीसेक बाइट चढले, झाले ऐंशी.

जीझिपच्या आत डिफ्लेट ही दाबायची रीत आहे. ते मागे वळून बघतं, ‘हे शब्द मी आत्ताच ऐकलेत’ असं म्हणतं आणि फक्त किती मागे आणि किती लांब एवढंच लिहितं. मागे बघायची हद्द ३२ केबी, म्हणजे तुमच्या ७२८ ओळी, म्हणजे दीड तास. त्या दीड तासात ‘शीतगृह-३’ नव्वद वेळा येऊन गेलेलं असतं. पण दर ओळीला नवी गाठोडी बांधली की मागचं सगळं विसरायचं. मग दाबणार काय?

दुसरी भानगड नवशिक्याच्या प्रश्नाची. तुम्ही फाइल उघडी ठेवून ‘राइट’ म्हटलंत म्हणजे डिस्कवर लिहिलं गेलं असं नाही. झेडलिब (प्रत्यक्ष दाबायचं काम करणारी लायब्ररी) आपल्या पोटात माल साठवतं. नेहमीच्या सेटिंगला सोळा हजारांच्या आसपास चिन्हं (इथे चिन्ह म्हणजे एक सुटा बाइट किंवा एक ‘इतकं मागे, इतकं लांब’) जमली की मग ते एक ठोकळा पूर्ण करून बाहेर सोडतं. तुमच्या एका ओळीची साधारण पाच चिन्हं होत असतील (अंदाज आहे, पण फार चुकणार नाही). म्हणजे सव्वातीन हजार ओळी. मिनिटाला आठ ओळी. करा भागाकार.

निफाडचा_गडी (गुरुवार, रात्री १०.१२)

जवळजवळ पावणेसात तास!! म्हणजे मध्यरात्री सुरू केलं तर सकाळी पावणेसातपर्यंत फाइलमध्ये काहीच नाही?

मुळामुठा (गुरुवार, रात्री १०.१५)

बरोबर. कधी सकाळी सहाला डिस्कवरच्या फाइलचा आकार बघितला असता तर बहुतेक शून्य दिसला असता. कारण ते दहा बाइटचं डोकंसुद्धा पायथॉनच्या फाइल-बफरमध्ये बसलेलं असतं. आणि त्याच्याही खाली ऑपरेटिंग सिस्टिमची कॅश आहे ती वेगळीच.

जुनाखोड (गुरुवार, रात्री १०.४०)

आमच्या वेळी फ्लॉपीवर हेच व्हायचं. १.४४ एमबीच्या पाच फ्लॉप्यांवर एआरजेनं (तेव्हाचा फाइली दाबायचा प्रोग्रॅम) एक प्रोजेक्ट भरायचा, ऑफिसातून घरी न्यायचा, आणि तिसरी फ्लॉपी ‘जनरल फेल्युअर’ म्हणून रडायची. पुढच्या दोन फ्लॉप्या ठणठणीत असून उपयोग शून्य.

थोडा इतिहास, कंटाळा आला तर पुढे सरका. झिप हा प्रकार १९८९चा, फिल कॅट्झचा. झिप फाइल कुठल्याही एडिटरमध्ये उघडा, पहिली दोन अक्षरं ‘पीके’. त्याच्याच नावाची आद्याक्षरं. तो २००० साली अकाली गेला, पण अक्षरं अजून रोज कोट्यवधी वेळा लिहिली जातात. तुमची एक्सेलची, वर्डची आजची फाइलही आतून झिपच असते, तिच्याही डोक्यावर ‘पीके’. डिफ्लेट त्याचंच. युनिक्सवाल्यांचा जुना ‘कॉम्प्रेस’ एलझेडडब्ल्यू या दुसऱ्या रीतीवर चालायचा, त्यावर पेटंट होतं. म्हणून १९९२मध्ये ज्याँ-लू गेली आणि मार्क अॅडलर या दोघांनी डिफ्लेट घेऊन जीझिप काढलं. पेटंटच्या कटकटीतून निघालेली गोष्ट आज ब्राउझरपासून तुमच्या द्राक्षांपर्यंत पोचलीय.

तिखटमीठ (गुरुवार, रात्री १०.४४)

काका, इतिहास झकास. पण गड्याची फाइल राहिली बाजूलाच.

बिनधास्त_बाइट (गुरुवार, रात्री १०.५०)

जीझिप सोडा, झेडस्टँडर्ड (दाबायची नवी पद्धत) वापरा. पायथॉन ३.१४मध्ये आता सोबतच येतं, वेगळं काही टाकायला नको. जीझिप म्हणजे आजोबांच्या काळातलं.

मुळामुठा (गुरुवार, रात्री ११.०२)

झेडस्टँडर्ड उत्तमच आहे, वाद नाही. पण दिवसभर उघडं ठेवून प्लग काढलात तर तेही असंच पोटात माल घेऊन मरेल. बादली बदलून गळका नळ दुरुस्त होत नाही.

आता तिसरी भानगड, आणि फाइल वाचवायची किल्ली हीच आहे. दोन वाजता प्रोग्रॅम परत सुरू झाला तेव्हा त्यानं तीच फाइल ‘एटी’नं उघडली. पहिली गाठोडी अर्धवट, तोंड न बांधलेली, तिला शेपटी नाही. तिच्या मागे दुसरी गाठोडी सुरू झाली. अनेक गाठोड्या एकामागे एक असणं जीझिपला मान्य आहे, दोन जीझेड फाइली ‘कॅट’ या आज्ञेनं जोडल्या तरी चालतात. पण वाचणाऱ्याला पहिलीचा शेवट कुठे ते फक्त आतला माल वाचूनच कळतं. इथे तो शेवट नाहीच. मग तो दुसऱ्या गाठोडीचं डोकं हाच पहिलीतला पुढचा माल समजून वाचायला जातो आणि ‘ठोकळ्याचा हा कुठला प्रकार?’ म्हणून कोसळतो. तो एरर तोच.

नुसती अर्धी तुटलेली फाइल असती, मागे काही जोडलेलं नसतं, तर वेगळा एरर आला असता: शेवटची खूण मिळण्याआधीच फाइल संपली, असा. ईओएफएरर.

म्हणजे दुसरी गाठोडी बहुधा शाबूत आहे! रात्री बारा वाजता ती नीट बंद झालीय. फक्त तिच्यापर्यंत पोचायचंय. असं करा:

आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि मूळ फाइलला हात लावू नका.

फाइल ‘आरबी’नं (बाइट जसेच्या तसे वाचायचा मोड) उघडून सगळे बाइट एका चलात घ्या. त्यात जीझिपचं डोकं शोधा: १एफ ८बी ०८. तिसरा बाइट म्हणजे डिफ्लेट. हे तीन बाइट योगायोगानंही कुठे दिसू शकतात, पण तुमच्या बाबतीत पायथॉननं डोक्यात फाइलचं नाव लिहिलंय. त्यामुळे सापडलेल्या जागेपासून दहा बाइट पुढे ते नाव आहे का बघा. असेल तर ते खरंच डोकं.

त्या जागांवर बाइटांचे तुकडे पाडा. हे महत्त्वाचं: सगळं एकत्र घालू नका, नाहीतर पहिल्या तुकड्याच्या शेवटी दुसऱ्याचं डोकं घुसून चार-दोन खोट्या ओळी तयार होऊ शकतात. तापमानाच्या नोंदीत खोटी ओळ म्हणजे नोंद नसण्यापेक्षा वाईट.

प्रत्येक तुकड्यासाठी नवा झेडलिब.डिकम्प्रेसऑब्ज (दाबलेलं उलगडणारा) घ्या, डब्ल्यूबिट्स ३१. (१५ ही खिडकी, वर १६ मिळवले की ‘जीझिपचं डोकं-शेपटी धर’ असा अर्थ होतो.) त्याला तुकडा द्या, जे बाहेर येईल ते घ्या. शेवटी त्याची ‘ईओएफ’ (शेवट सापडला का) खूण बघा. खरी असेल तर गाठोडी पूर्ण आणि सीआरसीही जुळला. खोटी असेल तर अर्धवट: शेवटच्या नव्या ओळीच्या खुणेपर्यंतचा मजकूर ठेवा, पुढचा अर्धा तुकडा टाकून द्या. मगच यूटीएफ-८मध्ये डीकोड करा, म्हणजे बाइटांची अक्षरं करा. आधी केलंत आणि ‘गृ’ मध्येच तुटला असेल तर तिथे नवा एरर.

निफाडचा_गडी (शुक्रवार, पहाटे १२.४८)

मुळामुठा साहेब, साष्टांग दंडवत.

दोन डोकी सापडली. पहिला तुकडा: ईओएफ खोटी, पूर्ण ओळी ३,२६४. शेवटची सकाळी ६.४७ची. तुमचा पावणेसातचा अंदाज! दुसरा तुकडा: ईओएफ खरी, रात्री बारापर्यंत सगळं.

म्हणजे सकाळी ६.४८ ते दुपारी एक वीस हे साडेसहा तास कुठेच नाहीत ना? हे डिस्कवर आलेच नव्हते?

आणि एक विचित्र. दुसऱ्या तुकड्याची सुरुवात १३.१८ पासून आहे. १३.१८, १३.१९, १३.२०, आणि मग एकदम १३.५९. पण एक वीसपासून दोनच्या आसपासपर्यंत तर लाइटच नव्हती. १३.१८ला दुसरी गाठोडी कशी सुरू होईल?

मुळामुठा (शुक्रवार, सकाळी ७.३०)

ते साडेसहा तास गेले. पायच्या रॅममध्ये होते, लाइटीबरोबर विरले. कुठलंही रिकव्हरी टूल आणा, जे लिहिलंच गेलं नाही ते कोण काढणार.

१३.१८चं कोडं मलाही कळत नाहीये. जीझिपच्या डोक्यात पाचव्या ते आठव्या बाइटमध्ये वेळ असते, १९७०पासूनचे सेकंद, धाकटा बाइट आधी. पायथॉन तिथे गाठोडी सुरू झाल्याची वेळ घालतं. ती काढून बघा.

निफाडचा_गडी (शुक्रवार, सकाळी ७.५५)

काढली. १३.१७ आणि काही सेकंद. भुताटकी आहे का?

जुनाखोड (शुक्रवार, सकाळी ८.१०)

भूत नाही, घड्याळ. पाय कुठल्या मॉडेलचा? ५च्या आधीच्या रास्पबेरी पायला स्वतःचं घड्याळच नसतं. (५ला आहे, पण त्याचीही बॅटरी वेगळी लावावी लागते.) बंद पडला की वेळ विसरतो. सुरू झाला की शेवटी मेमरी कार्डावर जी वेळ जपून ठेवली होती तिथून मोजायला लागतो, आणि नेट मिळालं की खऱ्या वेळेवर उडी मारतो. डेबियनमध्ये (पायवरची लिनक्स त्यावरच बेतलेली) तासातासाची कामं दर तासाला सतरा मिनिटं झाली की व्हायची पद्धत आहे. एक सतराला वेळ जपली गेली, एक वीसला लाइट गेली, दोनच्या आधी पाय जागा झाला तो ‘एक सतरा वाजलेत’ असं समजून. तुमच्या डोंगलला नेट पकडायला तीन-चार मिनिटं लागली. त्या १३.१८, १३.१९, १३.२०च्या नोंदी खरं तर १३.५६च्या पुढच्या आहेत.

निफाडचा_गडी (शुक्रवार, सकाळी ८.१४)

काका!!! पाय ३ आहे. आणि डोंगलला चार मिनिटं लागतातच, मी शिव्या घालत असतो.

तिखटमीठ (शुक्रवार, सकाळी ८.२०)

इतिहासाबद्दल बोललो ते मागे घेतो.

रानजाई (शुक्रवार, दुपारी १.३५)

मी जर्मनीत जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेटाचं काम करते. आमच्याकडे डीएनए वाचणाऱ्या यंत्रातून फास्टक्यू डॉट जीझेड फाइली निघतात, एकेक अनेक जीबीची. त्यामुळे ‘तुटलेलं जीझिप’ हा आमचा रोजचा वरणभात.

आमच्या क्षेत्रात यावर एक छान तोडगा आहे, बीजीझिप. ते मुद्दाम छोट्या छोट्या गाठोड्या बांधतं, एकेकीत जास्तीत जास्त ६४ केबी मूळ मजकूर. साधं जीझिपही ती फाइल वाचू शकतं. एक गाठोडी बिघडली तर तेवढीच जाते. शिवाय कुठली गाठोडी कुठे आहे त्याची सूची करता येते, म्हणजे मधूनच वाचता येतं. आणि फाइलच्या अगदी शेवटी २८ बाइटची एक रिकामी गाठोडी ठेवलेली असते. ती दिसली नाही की समजायचं, फाइल पूर्ण उतरलेली नाही. गडीदादांच्या पहिल्या प्रयोगात (दर ओळीला एक गाठोडी) कल्पना चुकीची नव्हती, गाठोडीचं माप चुकलं.

अजून एक. ज्यांना एवढी चिरफाड नको त्यांच्यासाठी: फाइल मोकळी तुटलेली असेल, मागे काही जोडलेलं नसेल, तर जीझिप.ओपन ‘आरटी’नं उघडून सरळ ओळीओळीनं वाचा आणि फॉर लूपभोवती ट्राय घाला. ईओएफएरर येईपर्यंतच्या ओळी मिळतात. ‘रीड’ म्हणून एकदम मागितलं किंवा पांडाजला दिलं की मात्र सगळं किंवा काहीच नाही.

नवशिका२१ (शुक्रवार, दुपारी २.०२)

ताई, मधूनच वाचण्यावरून आठवलं. साध्या जीझेडमधली फक्त शेवटची ओळ हवी असेल तर ‘सीक’ करून जाता येतं का? आणि झिपमध्ये काय वेगळं? मी कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये झिपफाइल वापरतो, पण माझी झिप मूळ फाइलींएवढीच होते, अजिबात लहान होत नाही.

रानजाई (शुक्रवार, दुपारी २.२०)

साध्या जीझेडमध्ये ‘सीक’ लिहिता येतं, पण ते फसवं आहे. पुढे जायचं तर मधलं सगळं उलगडत जातं, मागे जायचं तर पहिल्यापासून परत सुरू करतं. शेवटची ओळ हवी तर सगळी फाइल वाचावी लागतेच.

झिपमध्ये प्रत्येक फाइल वेगळी दाबलेली असते आणि सगळ्यांची यादी फाइलच्या शेवटी असते. म्हणून हजार फाइलींतली एक चटकन काढता येते. पण म्हणूनच अर्धी उतरलेली झिप उघडतच नाही, यादी शेवटीच असते ना.

तुझी झिप लहान होत नाही कारण पायथॉनचा झिपफाइल काही न सांगितलं तर नुसतं भरून ठेवतो, दाबत नाही. उघडताना झिप_डिफ्लेटेड हे सांगायला लागतं. हे प्रत्येकजण एकदा शिकतो. मी प्रबंधाच्या वेळी शिकले, डिस्क भरल्यावर.

बिनधास्त_बाइट (शुक्रवार, दुपारी २.४१)

बरं, झेडस्टँडर्डचं माझं म्हणणं उथळ होतं, कबूल. पण मग लिहायचं कसं ते तर कुणी सांगितलंच नाही. दर मिनिटाला ‘फ्लश’ म्हटलं तर पुरेल ना?

मुळामुठा (शुक्रवार, रात्री ९.४५)

ऑफिसातून आत्ता सुटलो. फ्लशनं भागतं, बऱ्यापैकी. जीझिपच्या फाइलवर ‘फ्लश’ म्हटलं की झेडलिब पोटातला माल बाहेर काढतं आणि ठोकळा तिथेच संपवतं. मागचा दीड तास विसरत नाही, त्यामुळे नव्या गाठोडीइतकं महाग पडत नाही, दर वेळी थोडेसे बाइट जातात. पाठोपाठ ओएस.एफसिंक केलंत तर कार्डावरही उतरतं. पण लाइट गेल्यावर अर्धी गाठोडी आणि मागे जोडलेली दुसरी, हा घोळ तसाच राहतो. दर वेळी कालच्यासारखी शस्त्रक्रिया.

माझं मत विचाराल तर लिहिताना दाबायचंच नाही. गडीभाऊंचा हिशोब बघा: आठ खोल्या, दिवसाला ११,५२० ओळी, ४५ बाइट. पाच लाख अठरा हजार बाइट. वर्षाचे १९० एमबीसुद्धा नाहीत. कार्ड कितीचं?

निफाडचा_गडी (शुक्रवार, रात्री ९.५०)

३२ जीबी.

मुळामुठा (शुक्रवार, रात्री ९.५८)

भरायला दीडशेच्या वर वर्षं लागतील. जागेचा प्रश्न नाहीच, प्रश्न फक्त डोंगलचा. मग दाबायचं ते पाठवण्याआधी, रात्री एकदा.

दिवसभर साधी सीएसव्ही, ‘ए’नं उघडलेली, एन्कोडिंग यूटीएफ-८ स्पष्ट लिहून. दर मिनिटाच्या आठ ओळी झाल्या की फ्लश आणि एफसिंक. लाइट गेली तर जास्तीत जास्त मिनिटभराचं जाईल. प्रोग्रॅम सुरू होताना फाइलचा शेवटचा बाइट बघा. ती नव्या ओळीची खूण नसेल तर मागची ओळ अर्धी आहे, आधी एक खूण लिहा मग पुढे. नाहीतर अर्धी ओळ आणि नवी ओळ चिकटतात.

रात्री बारा पाचला सीएसव्ही ‘आरबी’नं, जीझेड ‘डब्ल्यूबी’नं उघडून शटिल.कॉपीफाइलऑब्जनं ओता. पण ओतायचं तात्पुरत्या नावाच्या फाइलमध्ये. मग ती फाइल परत उघडून शेवटपर्यंत वाचा. शेवटपर्यंत वाचली गेली म्हणजे सीआरसी जुळला. ओळींची संख्या मोजा, मूळ सीएसव्हीशी ताडा. जुळलं तरच ओएस.रिप्लेसनं खरं नाव द्या. आणि मूळ सीएसव्ही लगेच पुसू नका, महिनाभर राहू द्या, तुमच्याकडे दीडशे वर्षांची जागा आहे.

‘एटी’ हा मोड जीझिपला दिलाय हे मी तर आता विसरूनच जा म्हणेन.

रानजाई (शुक्रवार, रात्री १०.१५)

+१. फक्त भर: जीझिप.ओपनला ‘आर’ म्हटलं की बाइट मिळतात, मजकूर नाही. साध्या ओपनच्या उलट. मजकूर हवा तर ‘आरटी’ आणि एन्कोडिंग दोन्ही लिहा. पायवर लिहिलेली फाइल मित्र विंडोजवर उघडत असेल आणि एन्कोडिंग लिहिलं नसेल तर ‘शीतगृह’च्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली ‘ए’ दिसतात. आणि मित्र ती थेट एक्सेलमध्ये उघडणार असतील तर त्यांच्यासाठीच्या प्रतीला एन्कोडिंग ‘यूटीएफ-८-सिग’ द्या.

जुनाखोड (शनिवार, सकाळी ६.५०)

घड्याळाचा छोटा मॉड्यूल मिळतो, डीएस३२३१ म्हणून, नाण्याएवढ्या सेलवर चालतो. तो बसवा. आणि तोवर प्रोग्रॅमला सांगा, नेटची वेळ लागल्याशिवाय एकही ओळ लिहायची नाही.

तिखटमीठ (शनिवार, सकाळी ९.०५)

आणि किटलीचा प्लग?

निफाडचा_गडी (रविवार, रात्री ८.३०)

काल दिवसभर तिकडेच होतो. प्लग जनरेटरच्या लाइनवर घेतला. (वायरमन म्हणाला, ‘एवढ्यासाठी बोलावलं?’) मुळामुठा साहेबांनी सांगितलं तसं लिहिणं बदललं. मुद्दाम तीन वेळा पायची वायर खेचून बघितली. दोनदा काहीच गेलं नाही, एकदा एका मिनिटातल्या आठांपैकी पाच ओळी गेल्या, बाकी सगळं जागच्या जागी. रात्रीची जीझेड फाइल पहिल्यासारखीच तीसेक केबी. घड्याळाचा मॉड्यूल मागवलाय, नाशिकहून येईल.

त्या साडेसहा तासांचं सांगायचं राहिलं. माल घेणाऱ्याला काय द्यायचं यावर मित्राबरोबर बसलो होतो. तो म्हणत होता, आधीचं शून्य पूर्णांक सहा आणि नंतरचं शून्य पूर्णांक सात, मधलं एक्सेलमध्ये ओढून भरू. मी नको म्हटलं. एवढ्यात राखणदार मामा म्हणाले, ‘वही बघा की.’ मामा सेन्सर बसवायच्या आधीपासून दर दोन तासांनी दारावरच्या डायलचा आकडा वहीत लिहितात आणि अजून लिहितातच, त्यांना कुणी बंद करायला सांगितलंच नव्हतं. ११ तारखेच्या पानावर आठ, दहा, बारा, तिन्ही वेळचे आठही खोल्यांचे आकडे निळ्या बॉलपेननं, खाली सही. पानाचा फोटो काढून तक्त्यासोबत पाठवला, आणि मधल्या वेळेसमोर ‘यंत्र बंद, हस्तलिखित नोंद जोडली आहे’ असं लिहिलं.

आणि १३.१८ ते १३.२०च्या त्या चोवीस ओळी मी काढून टाकल्या नाहीत, शेरा मारून वेगळ्या ठेवल्यात. हे बरोबर केलं ना?

जुनाखोड (रविवार, रात्री ८.५२)

बरोबर. मामांना विचारा, घड्याळ कुठलं बघून लिहितात.

निफाडचा_गडी (रविवार, रात्री ९.०४)

विचारलं. आठचा भोंगा वाजला की आठ, बाराच्या भोंग्याला बारा. दहाचं म्हणे अंदाजानं.